मे महिन्यातला पवनाकाठ : बेडसे, तिकोना आणि पाण्याबाहेर आलेलं देऊळ

पुण्याजवळच्या पवन मावळातल्या तिकोना गडावरून आम्ही एकदा अर्ध्यातून परत आलो होतो. जुलैतला रविवार, वरच्या अरुंद पायऱ्यांवर माणसांची रांग, पायाखाली शेवाळ आणि लेक तेव्हा सात वर्षांची. वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच दगडावर पाय ठेवायला बघत होते. मी तिचा हात धरून मागे फिरले ते अजून चांगलं आठवतं. त्यामुळे या खेपेला ठरवलं, की उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं आणि आडवारी जायचं. पवना धरण आटलेलं असेल, डोंगर पिवळा पडला असेल, असं सगळ्यांनी सांगितलं. दोन्ही खरं निघालं, आणि त्याच दोन गोष्टींमुळे ही सहल आमच्या आजवरच्या सहलींमध्ये सगळ्यात चांगली झाली.

आम्ही पाच जण होतो. मी, नवरा, चिंचवडला राहणारी माझी आई (वय ६४, गुडघे जपावे लागतात), नऊ वर्षांची लेक आणि सुट्टीला आलेला साडेपाच वर्षांचा भाचा. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, मंगळवार ते गुरुवार.

मंगळवार : लोकल आणि बेडसे

गाडी मुद्दाम नेली नाही. शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकडली, चिंचवडला आई चढली. भाच्याला खिडकी मिळाली आणि त्याने प्रत्येक स्टेशनचं नाव मोठ्याने वाचायला घेतलं. बेगडेवाडी आणि घोरावाडी ही दोन नावं त्याला इतकी आवडली, की पुढचे तीन दिवस तो मधूनच ती म्हणत होता. तळेगाव सुटलं की डब्यातली हवा बदलते. वडगाव, कान्हे, मग कामशेत.

ज्यांच्या घरी उतरायचं होतं त्यांचा मुलगा जीप घेऊन आला होता. मुलांनी त्याला लगेच मामा करून टाकलं. पवनानगरच्या रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंच्या भातखाचरांत काळे चौकोन दिसायला लागले. लेकीने विचारलं, आग लागली होती का? मामाने जीप हळू केली आणि सांगितलं, "राब भाजलेत. पालापाचोळा, शेण, माती थरानं लावून पेटवायची. पाऊस पडला की त्याच राखंत भाताचं बी टाकायचं." आम्ही वर्षानुवर्षं इथला इंद्रायणी तांदूळ खातो आणि त्याची सुरुवात अशी काळ्या चौकोनात होते, हे मुलांना काय, मलाही नीट माहीत नव्हतं.

जेवून, पडून, ऊन उतरल्यावर चार वाजता बेडसे लेण्यांकडे निघालो. लेणी पूर्वेकडे तोंड करून आहेत, म्हणजे दुपारनंतर डोंगराची सावली पायऱ्यांवर येते. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर उन्हाळ्यात हीच वेळ धरा. फोटो काढायचे असतील तर मात्र पहाटे जा, उगवतीचं ऊन थेट चैत्यात, म्हणजे स्तूपाच्या प्रार्थनागृहात, शिरतं. पायऱ्या चारशेच्या आसपास आहेत, पण ठेवण चांगली आहे. आई चार ठिकाणी बसली आणि पाऊण तासात वर आली. खाली पायथ्याला दुकान असेलच असं धरून चालू नका, पाणी घरूनच भरून घ्या. माणशी दीड लिटर तरी.

वर गेल्यावर आधी काहीच दिसत नाही. समोर कातळाची भिंत, तिच्यात एक अरुंद बोळ. खोदणाऱ्यांनी दर्शनी भागातला खडक पूर्ण काढलाच नाही, दोन्ही बाजूंना तो तसाच उभा ठेवला. त्या बोळातून एकेक जण आत शिरतो, चार पावलं टाकतो आणि एकदम मान वर जाते. दोन मजली घराएवढे अष्टकोनी खांब, तळाला घटाचा आकार, वर उलट्या कमळासारखा घाट आणि त्याच्याही वर हत्ती, घोडे, बैल आणि त्यांच्यावर बसलेली जोडपी. भाचा आधी म्हणाला "बाप रे", आणि मग बराच वेळ काही बोललाच नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातलं हे काम. म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनं, आणि घोड्याच्या तोंडावरचे पट्टे अजून मोजता येतात.

कार्ल्याचं चैत्यगृह याहून मोठं आणि नावाजलेलं आहे. तिथे आणि भाज्याला छताच्या लाकडी फासळ्या अजून दिसतात, बेडशाच्या गेल्या. तरीही कुटुंबाला घेऊन कुठलं एकच लेणं बघायचं असेल तर मी बेडसे सांगेन. आम्ही होतो त्या दीड तासात तिथे आमच्याशिवाय एक पहारेकरी आणि एक चित्र काढत बसलेला मुलगा, एवढेच होते.

पहारेकरी काकांनी आल्याआल्या मुलांना जवळ बोलावून वर कातळाला लटकलेली आग्या मोहोळं दाखवली. आरडाओरडा करायचा नाही, दगड मारायचा नाही, अत्तर-सेंट लावून यायचं नाही, उदबत्तीसुद्धा पेटवायची नाही. मुलांनी इतक्या गंभीरपणे मान डोलावली, की काकाच खूश झाले आणि व्हरांड्यातल्या एका खोलीच्या दारावरचा ब्राह्मी लेख दाखवायला घेऊन गेले. "नासिकतो अनदस सेठिस पुतस पुसणकस दानं." नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याने दिलेलं दान. ब्राह्मीतला क हा बेरजेच्या चिन्हासारखा असतो, एवढंच मी लेकीला सांगितलं. तिने दोन बेरजा शोधल्या. एक नासिकमधली, एक पुसणकमधली. दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेलं अक्षर आपण वाचलं हे तिला कळलं, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

बाहेर पाण्याच्या पोढीजवळ, म्हणजे कातळात खोदलेल्या टाक्याजवळ, आणखी एक लेख आहे. महाभोजाची मुलगी आणि महारठिणी सामडिनिका हिने हे दान दिलं. महाभोज आणि महारठी हे तेव्हाच्या सरदारांचे किताब. आईला ते फार आवडलं. "बाईने पाण्याची सोय केली," एवढं म्हणून ती तिथेच बसली आणि मुलं विहार, म्हणजे भिक्खूंचं राहण्याचं लेणं, बघून येईपर्यंत हलली नाही.

विहार बघायला मात्र तिला मी नेलंच. इतर ठिकाणी विहार चौकोनी असतात. इथला आत गोलाईने वळतो आणि छत चैत्यासारखं कमानदार आहे. भिंतीतल्या प्रत्येक खोलीच्या दारावर नालाच्या आकाराची कोरीव कमान. आणि आत शेंदूर लावलेली यमाई. भिक्खू गेले, देवी आली, आणि आजूबाजूची माणसं तिला नमस्कार करायला येत राहिली म्हणून लेणं ओस पडलं नाही, असं मला वाटतं. आईने पदर डोक्यावर घेतला.

रात्री जेवायला भाकरी, चवळीची आमटी, कैरीचा तक्कू, इंद्रायणीचा मऊ भात. नंतर मामाने विचारलं, काजवे बघितलेत का? घरामागच्या ओढ्याला लागून हिरडा, ऐन, जांभूळ अशी झाडं होती. आम्ही बॅटरीला लाल कागद लावून निघालो आणि तिथे पोचल्यावर तीही बंद केली. पाच-सात मिनिटं काहीच नाही. मग एका झाडावर दहा-वीस ठिपके. मग शेजारच्या झाडावर. मग दोन्ही झाडं एकदम लखलखून एकदम विझायला लागली. मेचा शेवट ते पहिला मोठा पाऊस, एवढेच दिवस हे मिळतं. कृपा करून मोबाइलचा फ्लॅश लावू नका आणि काजवे पकडून बाटलीत भरू देऊ नका. त्यांचं ते लुकलुकणं जोडीदाराला बोलावणं असतं, आपल्या उजेडात ते हरवतं. भाचा माझ्या कडेवर झोपला तो काजवे मोजतच.

बुधवार : तिकोना, आणि मग वळीव

पावणेपाचला उठून साडेपाचला पायथ्याचं तिकोना पेठ गाव सोडलं. मेमध्ये तिकोना करायचा असेल तर एवढं एकच पथ्य आहे. साडेनऊच्या आत उतरायला लागलं पाहिजे. दहानंतर कातळ तापतो आणि वरच्या टप्प्यात सावली नाही.

गडाचं दुसरं नाव वितंडगड. उंची समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांच्या आसपास, पण गाव निम्म्याहून वर असल्यामुळे चढ मुलांना झेपतो. सुरुवातीची वाट सोंडेवरून झाडीतून जाते. करवंदाच्या जाळ्या दोन्ही बाजूंना काळ्याभोर. मुलांना पुढे चालवायला याहून चांगला उपाय नाही, दहा पावलं चालायचं आणि दोन करवंदं खायची. पिकलेलं करवंद नुसत्या स्पर्शाने सुटतं, ओढावं लागलं तर ते कच्चं आहे आणि चीक हाताला चिकटतो, हे आईने शिकवलं.

वेताळ दरवाजा ओलांडल्यावर थोड्या अंतरावर मारुती आहे. चपेटदान मारुती. पायाखाली राक्षसीण आणि हात उगारलेला, आता थप्पड बसणार अशा आवेशातला. भाच्याने त्याच्यासमोर तसाच हात उगारून बघितला आणि मग आपणहून नमस्कार केला. पुढे चुन्याचा घाणा आहे. दगडी गोल चर आणि त्यात फिरणारं जातं. नवऱ्याने मुलांना तो नीट समजावला. बैल कसा फिरायचा, चुना कसा मळला जायचा, गडाची भिंत एवढी वर्षं कशाने धरून ठेवली. दुर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या मंडळींनी गडावर झाडलोट, पाट्या, वाटा यांची मनापासून देखभाल ठेवली आहे. आम्हाला वाटेत कचरा जवळजवळ दिसला नाही, आणि पुण्याच्या आसपासच्या गडांबद्दल हे नेहमी म्हणता येत नाही.

माचीवर देवीचं खोदीव लेणं आहे, समोर पाण्याचं टाकं. हे लेणं सातवाहन काळातलं मानतात. आदल्या दिवशी बेडसे बघून आल्यामुळे मुलांना लगेच जोड लागली. म्हणजे शिवाजी महाराजांच्याही आधी दीड हजार वर्षं इथे कुणीतरी छिन्नी घेऊन बसलं होतं? हो. पवन मावळातून घाटाकडे जाणारी वाट तेव्हाही वाहती होती, आणि बेडसे, भाजे, कार्ले ही लेणी तिच्याच आसपास आहेत.

इथे आईने सांगितलं, मी इथेच बसते. बालेकिल्ल्याच्या पायऱ्या समोर दिसत होत्या. उभ्या, आखूड, मुलांच्या गुडघ्याएवढ्या उंच, दोन्हीकडे कातळ आणि धरायला तार. तेवढ्यात ताकाची कॅन डोक्यावर घेऊन एक मावशी वर चालल्या होत्या. रोज चढतात. त्यांनी आईकडे बघितलं आणि कॅन खाली ठेवली.

"आई, साडी अशी नगा नेसू चढताना. या हिकडं."

निऱ्या मागे खोचून, पदर कमरेला बांधून त्यांनी दोन मिनिटांत आईचं नेसणं बदललं. मग म्हणाल्या, "आता तुमी माझ्या म्होरं. मी मागनं हाये." आई चढली. मधे दोनदा थांबली, तारेला धरून श्वास घेतला, पण चढली. मावशींनी वर पोचल्यावर ताकाचे पैसे घेतले, सोबतीचे घ्यायला तयार होईनात. मग आईने चार ग्लास जास्तीचे घेतले आणि मागून येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना पाजले.

या पायऱ्यांबद्दल स्पष्ट सांगते. सहा-सात वर्षांवरचं मूल कोरड्या दिवसांत आरामात चढतं. त्याहून लहान असेल तर एक मोठा माणूस पुढे आणि एक मागे हवाच. उतरताना तोंड कातळाकडे करून, पाय चाचपत उतरवा. पावसाळ्यात शनिवार-रविवारी लहान मुलांना घेऊन हा टप्पा करू नका. बूट चांगल्या पकडीचे घाला, आणि खाऊची पिशवी हातात ठेवू नका, माकडं हिसकतात.

वर महादेवाचं छोटं देऊळ, टाकी, भगवा, आणि वारा.

आणि मग पवना. मला वाटलं होतं, फोटोत असतो तसा निळा भरलेला जलाशय दिसेल. तसा नव्हता. पाणी मधल्या खोलगटात आक्रसलं होतं आणि त्याच्याभोवती तांबूस, मग करडे, मग फिकट पिवळे असे पट्टे, एकात एक, लाकडाच्या कापावर दिसतात तसे. पाणी महिन्याकाठी जसं उतरत गेलं तशी एकेक रेघ काठावर राहिली होती. पश्चिमेला तुंग सुळक्यासारखा उभा. उत्तरेला लोहगड आणि विसापूर शेजारी शेजारी, लोहगडाच्या विंचूकाट्याची माची डोळ्यांनी शोधता येत होती. त्याच लोहगडाचं नाव २०२५ साली मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत लागलं.

नवऱ्याने मुलांना चारही गड दाखवून पुरंदरच्या तहाची गोष्ट सांगितली. तिकोना १६५७मध्ये स्वराज्यात आला आणि १६६५च्या तहात जे तेवीस किल्ले द्यावे लागले त्यांत लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे चारही होते. भाच्याला ते अजिबात पटलं नाही. "सगळे? दिसतायत ते सगळे?" मग परत घेतले, हे ऐकल्यावरच त्याने खाऊचा डबा उघडला.

आई पाण्याकडे बघत होती. तीस वर्षं ती चिंचवडला राहते. धरणातून पवना नदीत सोडलेलं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात आणि तेच पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. "एवढंच उरलंय होय," ती म्हणाली. दिवसाआड पाणी येतं म्हणून ती नेहमी वैतागते, त्या दिवशी बराच वेळ गप्प होती.

सव्वानऊला उतरायला लागलो, अकराला घरी. दुपारी आमरस-पोळी, कुरडया आणि गाढ झोप. चारला वाघेश्वराच्या देवळाकडे जायचं ठरलं होतं. हे महादेवाचं जुनं दगडी देऊळ धरणाच्या पोटात आहे. वर्षातले आठ-नऊ महिने पाण्याखाली असतं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडं पडतं.

पण साडेतीनला तुंगाच्या मागून आभाळ काळं झालं. घरातल्या सगळ्यांची एकदम धावपळ. गच्चीवर कुरडया, सांडगे, वाल वाळत घातलेले, अंगणात सरपण आणि गोवऱ्या. आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, सगळी बेगमी उघड्यावर होती. आम्हीही धावलो. लेकीने कुरडयांची आख्खी चादर एकटीने घडी करून आत आणली, भाच्याने एकेक गोवरी छातीशी धरून पडवीत पोचवली. पहिला वारा आला तो धुळीचा, मग टपोरे थेंब, मग गारा. वीस मिनिटं दुसरं काही ऐकू येत नव्हतं. दिवे गेले ते रात्री दहाला आले. अशा वेळी उघड्या धरणाच्या पोटात आपण असतो तर, हा विचार माझ्या मनातून जात नव्हता. मेअखेरीला गेलात तर देवळाचा फेरा सकाळीच उरका, वीज कधीही येते.

त्या अंधारात आम्हाला घरातल्या आजी भेटल्या. दोन दिवस त्या स्वयंपाकघरातच होत्या, आता पडवीत कंदिलापाशी येऊन बसल्या. वय आईच्या आसपासचं, पण सगळेच त्यांना आजी म्हणत होते. लेक दाराच्या चौकटीला टेकून गणेशपट्टीवरचा लहानसा गणपती बोटाने चाचपत होती. आजी म्हणाल्या, "ती चौकट धरणातली हाये."

म्हणजे? म्हणजे जुन्या घराची. धरण झालं तेव्हा त्या दहा-बारा वर्षांच्या. १९७०च्या सुमाराची गोष्ट. पाणी चढायच्या आधी लोकांनी घरं उतरवली. कौलं, तुळया, खांब, दारं बैलगाड्यांत भरून वर आणली. भिंती राहिल्या. नवं घर बांधलं ते त्याच लाकडावर. माहेर आणि सासर एकाच आळीतलं, त्यामुळे दोन्ही घरं गेली आणि दोन्ही घरांची लाकडं या एका घरात आहेत. मधल्या खोलीची तुळई माहेरची, ही चौकट सासरची.

"घर दिसतं का अजून?" लेकीने विचारलं.

"जोतं दिसतं. पानी उतारलं की."

आईने सांगितलं, की आम्ही चिंचवडला तुमच्याच धरणाचं पाणी पितो. तिचा आवाज जरा अवघडलेला होता. आजींनी आईच्या हातावर हात ठेवला. "मग तुमी आमच्या गावच्याच की. जेवा आता."

पिठलं, भाकरी, ठेचा, आणि पावसाने थंड पडलेल्या हवेत चुलीजवळची जागा. मुलांनी दोन-दोन भाकऱ्या खाल्ल्या.

गुरुवार : वाघेश्वर

सकाळी सातला जीप काढली, तर आजी लुगडं बदलून, हातात काठी घेऊन आधीच पुढच्या सीटवर बसलेल्या. मामा म्हणाला, तीन वर्षांत आल्या नव्हत्या.

कच्च्या वाटेने जीप जिथवर गेली तिथवर नेली, मग चालत. एक महत्त्वाची सूचना, या भागात गावातलं माणूस बरोबर घेतल्याशिवाय उतरू नका. वरून भेगाळलेला, वाळलेला दिसणारा गाळ आतून ओला असतो, आदल्या दिवशीच्या पावसानंतर तर जास्तच. मामा काठीने टोचत पुढे आणि आम्ही त्याच्या पावलांवर पाय ठेवत मागे. आणि धरणात पोहायला उतरू नका, मुलांना गुडघाभरही नाही. काठ दिसतो तसा उतरता नसतो, एकदम तुटतो. पवनेत दर वर्षी माणसं बुडतात.

देऊळ लांबून एखाद्या खडकासारखं वाटलं. जवळ गेल्यावर दगड मोजता येतील इतका रेखीव. घडीव दगड एकमेकांत बसवलेले, सांध्यात चुना नाही. तिकोन्यावर चुन्याचा घाणा बघून आलेल्या लेकीने हे लगेच पकडलं. वरचा भाग ढासळलेला आहे, गाभारा आणि मंडप उभे आहेत. खांबांवर वाळलेलं शेवाळ कागदासारखं सुटून येत होतं, फटींतून शिंपल्या. आतली जमीन गाळाने वर आलेली, त्यामुळे गाभाऱ्यात वाकून जावं लागलं. पन्नासहून जास्त पावसाळे हे देऊळ दर साली बुडतंय आणि दर साली बाहेर येतंय. खांबाला हात लावला तर दगड सकाळच्या हवेतही गार, आतून ओलसर.

आजींनी कनवटीची पुरचुंडी सोडली. त्यात तांदूळ, हळद-कुंकू, दोन मोगऱ्याची फुलं. पिंडीवरचा गाळ त्यांनी पदराने पुसला आणि पाणी मागितलं. आमच्याकडे पिण्याच्या बाटल्या होत्या, लेकीने तिची पुढे केली. आजींनी थोडं पाणी घातलं, बाटली परत दिली आणि म्हणाल्या, "बाकीचं पी. उनाचं लागंल." आईने त्यांच्या शेजारी बसून तांदूळ वाहिले.

देवळाच्या भिंतींना काही ठिकाणी नावं कोरलेली दिसली. जुने लेख नव्हेत, अलीकडच्या लोकांची नावं. मला फार वाईट वाटलं. बेडशाला दोन हजार वर्षांपूर्वीची दोन अक्षरं वाचून आलेल्या मुलीला हे काय आहे ते समजावून सांगावं लागलं. तिथे जाल तेव्हा मुलांच्या हातात खिळा, दगड काही देऊ नका, आणि छतावर चढू नका. सांधे सुटलेले आहेत.

परत फिरताना आजी वाट सोडून डावीकडे वळल्या. मामाने काही म्हटलं नाही, आम्हीही मागे गेलो. गाळात दगडांच्या ओळी होत्या. गुडघ्याएवढ्या, कुठे त्याहून कमी, मधे एका झाडाचं बुंध्याशी कापलेलं खोड. आजींनी काठीने दाखवलं. ही आळी. हे आमक्यांचं घर. इथे पाणवठ्याची वाट. हा आंबा, खोबऱ्या होता. आणि हे आपलं.

लांबी-रुंदीला ते जोतं आमच्या पुण्याच्या दोन खोल्यांएवढं असेल. आजी आत जाऊन मधे उभ्या राहिल्या. चूल कुठे होती, जातं कुठे, गोठा कुठल्या अंगाला, ते त्यांनी मुलांना दाखवलं. भाच्याने विचारलं, "मासे येतात का घरात?" त्या हसल्या. "येत असतील की. दार कुठं हाये आडवायला."

मग निघालो. दगडांची ओळ कुठूनही ओलांडता आली असती, पाऊल उचललं की बाहेर. आजी मात्र पुढच्या बाजूला चालत गेल्या, दोन मोठ्या दगडांच्या मधे थांबल्या, डोकं किंचित खाली घातलं आणि तिथून बाहेर पडल्या. मी जवळजवळ भिंतीवरून उतरलेच होते. लेकीने माझा कुर्ता मागे ओढला.

"आई, दार तिकडे आहे."

आम्ही वळलो आणि एकामागोमाग एक दारातून बाहेर आलो.